भारतातल्या नद्यांची तब्येत: घाण मोजतो, पाणी कुठे मोजतो?

काठावरचा (धागाकर्ता)

आषाढी जवळ आली की आळंदीच्या इंद्रायणीवरचा फेस बातम्यांत येतो. छठपूजेला यमुनेवरचा येतो. चार दिवस सगळे हळहळतात, कुणीतरी पाहणी दौरा करतं, आणि पुढच्या फेसापर्यंत सामसूम. म्हणून मुद्दाम फेस नसताना हा धागा काढतोय.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ देशभरातल्या नद्यांचे नमुने तपासून प्रदूषित पट्ट्यांची यादी करतं. २०१८ मध्ये असे ३५१ पट्टे होते, २०२२ च्या अहवालात ३११. देशाचा आकडा उतरला, आपला चढला. महाराष्ट्र ५३ वरून ५५ वर गेला आणि दोन्ही याद्यांत पहिला नंबर राखला. दुसऱ्या कुठल्या यादीत पहिले आलो असतो तर चौकाचौकात फलक लागले असते.

पट्टा प्रदूषित आहे की नाही हे ठरतं बीओडीवर, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्यावर. लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर पाणी आंघोळीला चालतं. ३० च्या वर गेलं की तो पट्टा सगळ्यात वाईट, पहिल्या गटात. आपल्याकडच्या उन्हात पाण्यात मुळात लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू विरघळू शकतो. त्यामुळे ३० चा बीओडी असेल तिथे माशांसाठी काय उरत असेल याचा अंदाज करा.

ही घाण बहुतांशी आपली, घरांतली. याच मंडळाच्या २०२१ च्या मोजणीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं. शुद्धीकरणाची उभी क्षमता ३१,८४१. प्रत्यक्षात शुद्ध होतं २०,२३५. म्हणजे शंभरातले अठ्ठावीस लिटर. उरलेलं नाल्यातून नदीत, थोडं जमिनीत.

आता माझा मूळ मुद्दा. उद्या चमत्कार झाला आणि शंभरच्या शंभर टक्के मैलापाणी शुद्ध झालं तरी आपल्या बऱ्याचशा नद्या आजारीच राहतील असं माझं मत आहे. कारण पावसाळा सोडला तर नदीत नदीचं स्वतःचं पाणीच नसतं. धरणाच्या खाली कोरडं पात्र, पुढे शहर लागलं की नाल्यांचं पाणी, आणि त्या पाण्याला आपण नदी म्हणतो. खडकवासल्याच्या खालची मुठा मार्च-एप्रिलमध्ये बघा. दिल्लीत वजिराबादच्या खालची यमुना बघा. वजिराबाद ते ओखला हा जेमतेम २२ किलोमीटरचा तुकडा, नदीच्या लांबीच्या दोन टक्क्यांहून कमी, पण तिच्या एकूण प्रदूषणातला सिंहाचा वाटा तिथला. तिचं स्वतःचं पाणी त्याआधीच वर हरियाणात, हथनीकुंड बंधाऱ्यापाशी, कालव्यांत वळवलेलं असतं.

सहमत-असहमत दोन्ही येऊ द्या. आपापल्या भागातल्या नदीबद्दल लिहिलंत तर फार बरं.

---

वाटसरू

रुमाल टाकून ठेवतो. वाळूबद्दल लिहायचंय, रात्री सवडीने.

---

सदाफुली

चांगला धागा. एक कळलं नाही. क्षमता ३१ हजारांची आणि शुद्ध होतं २० हजार, म्हणजे बांधलेले प्रकल्पसुद्धा रिकामे चालतात? मैलापाणी तर कमी नाहीये!

आणि कारखान्यांना इतक्या सहज सोडू नका हो. २०१७ मध्ये तळोज्याला निळी कुत्री फिरताना दिसली होती, आठवतंय ना? कासाडी नदीच्या परिसरात. कुत्री निळी झाली म्हणून देशभर बातमी झाली. पाण्यातल्या माशांचा रंग कुणी विचारला नाही.

---

चाफ्याचं झाड

सदाफुली, माझी नोकरी मैलापाण्याच्या कामातच गेली, म्हणून उत्तर देतो.

पहिलं कारण, प्रकल्प बांधणं सोपं असतं. एक जागा, एक ठेकेदार, एक उद्घाटन. शहरभर रस्ते खोदून घराघराचं पाणी तिथपर्यंत आणणं महाकठीण. लोक ओरडतात, वाहतूक तुंबते, नगरसेवक काम अडवतात. त्यामुळे प्रकल्प तयार होतो आणि वाहिन्या अर्ध्यावर राहतात. मैला नाल्यात, प्रकल्प उपाशी.

दुसरं, वीज. मैलापाण्यात हवा सोडणारे ब्लोअर चोवीस तास चालवावे लागतात. बांधायला दिल्लीचे नाहीतर मुंबईचे पैसे मिळतात, चालवायला मात्र नगरपालिकेच्या तिजोरीतून. छोट्या नगरपालिकेची तिजोरी कशी असते ते इथे कुणाला सांगायला नको. रात्री ब्लोअर बंद, तपासणीच्या दिवशी चालू, हे प्रकार मी पाहिलेत.

तिसरं, ठेकेदाराचे पैसे. पूर्वी बांधून दिलं की बिल निघायचं. गंगेच्या कामात पुढे केंद्राने पद्धत बदलली: भांडवली खर्चातले ४० टक्के बांधकामाच्या काळात आणि उरलेले ६० टक्के पुढच्या पंधरा वर्षांत, तेही प्रकल्प नीट चालला तर. मला हा बदल 'नमामि गंगे'तल्या सगळ्या घाट सुशोभीकरणापेक्षा मोलाचा वाटतो. कानपूरचा सिसामऊ नाला शंभरहून जास्त वर्षं रोज १४ कोटी लिटर घाण गंगेत ओतत होता. तो २०१८ मध्ये वळवला. म्हणजे मनावर घेतलं तर होतं.

आता धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याचा हिशेब करून बघू. महानगरांतल्या प्रकल्पांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी १० असावा असं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये सांगितलं. त्याआधी २०१७ ची केंद्राची अधिसूचना आहे, ती महानगरांना २० आणि बाकीच्यांना ३० पर्यंत सूट देते. नदीत हवा ३. नदीच्या स्वच्छ पाण्याचा बीओडी १ धरा. मग १० वाल्या एका लिटरला ३ वर आणायला साडेतीन लिटर स्वच्छ पाणी लागेल. २० वाल्याला साडेआठ. वाहता वाहता नदी थोडीफार स्वतः शुद्ध होते हे खरं, पण वाहिली तर. आणि हे नियम पाळणाऱ्या प्रकल्पाचं गणित झालं. न पाळणाऱ्याचं तुम्ही करा.

---

तर्कटराव

म्हणजे धरणातलं पिण्याचं पाणी घाण पातळ करायला सोडायचं? दुष्काळी तालुक्यात जाऊन हे बोलून दाखवा.

मला हे सगळं रडगाणं वाटतं. साबरमती बघा की. दहा-अकरा किलोमीटरचा स्वच्छ काठ, पाणी भरलेलं, लोक फिरायला येतात. नदी डोळ्यांसमोर आली की लोक तिची काळजी घेतात. पुण्यात ४४ किलोमीटरचा तसाच प्रकल्प चाललाय तर त्यालाही विरोध. आणि लोकांच्या सवयींचं काय? पुलावर गाडी थांबवून निर्माल्याची पिशवी भिरकावणारे कोण आहेत?

---

काठावरचा

तर्कटराव, साबरमतीच्या त्या देखण्या तुकड्यात पाणी नर्मदेचं आहे. कालव्यातून आणून वासणा बंधाऱ्याने अडवलेलं. बंधाऱ्याच्या खाली जाऊन बघा. तिथल्या प्रदूषणाची गुजरात उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. नदी सुधारली असती तर बंधाऱ्याच्या खालीही सुधारलेली दिसली असती. पुण्याने नर्मदा कुठून आणायची?

निर्माल्य नदीत टाकू नये हे बरोबरच. पण एका पिशवीमागे त्याच पुलाखालून किती मैला जातो? सामान्य माणसाला शिस्त लावणं फुकट असतं, वाहिन्या टाकायला पैसे लागतात. म्हणून 'निर्माल्य टाकू नका'चे फलक भरपूर दिसतात आणि वाहिन्या दिसत नाहीत.

पिण्याच्या पाण्याचा मुद्दा रास्त आहे. धरणातल्या पाण्याचा मोठा वाटा मात्र पिण्याला जात नाही, सिंचनाला जातो. त्यातला मोठा वाटा कुठल्या पिकाला जातो हे मी लिहिलं की एक जण येईलच.

---

ऊसवाला

आलो राव. नाव वाचूनच ओळखलं असणार.

उजनीच्या कडेला शेती आहे आमची. शहरातले लोक उसावर बोलले की मला गंमत वाटते. तुम्ही पाणी वापरता, घाण करता, आणि ते खाली आमच्याकडं पाठवता. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, सगळ्यांचं पाणी शेवटी भीमेत आणि भीमेचं उजनीत. धरण ११७ टीएमसीचं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणजे आलेली घाण बसायला ऐसपैस जागा. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, वास येतो, हात घातला की खाज सुटते. बारामाही मासेमारी करणाऱ्यांना विचारा, पूर्वी काय काय घावायचं. आता चिलापी, चिलापी आणि चिलापी.

शहराने शुद्ध केलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधनं उचलून बेबी कालव्याने शेतीला द्यायचं ठरलंय, साडेसहा टीएमसी. कागदावर. कालव्याकाठच्या माणसाला ते पाणी कसं येतं विचारा एकदा.

ऊस का लावतो? कारण उसाला खात्रीचा भाव आहे आणि कारखाना न्यायला येतो. ज्वारीला कोण येतं? ठिबक आम्ही केलंय. भाव द्या, पीक बदलू. पण "शेतकऱ्याने पाणी खाल्लं म्हणून नदी मेली" हे लिहिण्याआधी आपल्या सोसायटीचं ड्रेनेज कुठं जातं तेवढं बघून या.

---

सदाफुली

ऊसवाला दादा, सोसायटीचं ड्रेनेज कुठे जातं हे खरंच माहीत नव्हतं. आज सचिवांना विचारलं. त्यांनाही माहीत नाही.

---

काठावरचा

ऊसवाला, खाज सुटणारं पाणी माझ्याही माहितीतलं आहे, आणि वरच्याने खालच्याला घाण पाठवायची हा अन्याय आहेच. पण साखर कारखान्यांच्या आसवनीतून (डिस्टिलरीतून) निघणारं मळीचं सांडपाणी पावसाच्या पहिल्या लोंढ्यात गुपचूप सोडलं जातं आणि दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो, हेही कृष्णा-पंचगंगेच्या काठाला नवीन नाही. पंचगंगेचं तर दुहेरी आहे. वर कोल्हापूर, खाली इचलकरंजीचे कापड प्रक्रिया उद्योग. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती.

---

मुक्ताई

जीवशास्त्र शिकवते. धाग्यात रसायनशास्त्र बरंच झालं, म्हणून थोडं वेगळं.

नदी म्हणजे पाण्याचा पाट नाही. तिच्यात डोह असतात, खळाळ असतात, वाळूचे पट्टे, गवताळ काठ, उंबर-करंज-वाळुंजाची झाडं असतात. प्रत्येकात वेगळे जीव राहतात. खळाळात पाणी दगडांवर आपटतं तेव्हा हवा मिसळते, चाफ्याचं झाड यांचा ब्लोअर जे वीज जाळून करतो तेच काम फुकटात. डोहात उन्हाळ्यात मासे तग धरतात. महाडजवळ वाळणकोंडीला देवीच्या नावाने राखलेल्या डोहात आजही मोठाले महसीर दिसतात. तिथे कुणी मासा मारत नाही एवढंच कारण नाही, डोह शाबूत आहे हे मोठं कारण.

आपण करतो काय? काठाला भिंती घालतो, पात्र सरळ करतो, तळाला काँक्रीट ओततो. नाशिकला रामकुंडाच्या परिसरात गोदावरीच्या तळावर असंच काँक्रीट घातलं, जुनी कुंडं त्याखाली गेली, आणि ते काढा म्हणून नागरिकांना न्यायालयात जावं लागलं. गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहते, आणि उगमापासून जेमतेम तीसेक किलोमीटरवर तिची ही अवस्था. आता पुन्हा सिंहस्थ आलाय, म्हणजे पुन्हा घाट.

दुसरं, बंधारे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यानंतर बरगे (आडव्या फळ्या) घालतात, पाणी अडतं. शेतीला उपयोग आहे, नाकारत नाही. पण एकामागोमाग एक बंधारे आणि त्यांत मैलापाणी, म्हणजे नदीचं डबक्यांच्या रांगेत रूपांतर. साचलेलं पाणी, भरपूर नत्र-स्फुरद, वर ऊन. जलपर्णीला याहून चांगली जागा कुठे मिळणार? दर वर्षी ती काढायचं कंत्राट निघतं. जलपर्णी हे लक्षण आहे, लक्षणाचं कंत्राट काढून आजार कसा जाणार!

बीओडी ३ च्या खाली आला म्हणजे नदी बरी झाली असं मुळीच नाही. कालव्याचाही बीओडी चांगला असू शकतो. यादीत माशांच्या जाती मोजत नाहीत, शंख-शिंपले मोजत नाहीत. गांगेय डॉल्फिनला २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर केलं, कारण तो आहे तिथे खोल पाणी आहे, मासे आहेत, वाहतं पात्र आहे. आपल्या भीमेला, गोदेला असा कोणता प्राणी लावून मोजायचं हे ठरवायला हवं.

---

ऊसवाला

ताई, बरगे वेळेवर काढत नाहीत हाही प्रश्न आहे. पहिला पूर आला की काठ फोडून पाणी शेतात शिरतं. चोरीला जातात ते वेगळंच.

---

खाडीकर

आम्ही सगळ्यांच्या खालचे. डोंगरावर औद्योगिक वसाहत, खाली खाडी. आमच्या भोई लोकांची अख्खी पिढी मासेमारी सोडून मुंबईला गेली. मेलेले मासे वर आले की माणसं येतात, बाटलीत पाणी भरून नेतात, अहवाल कधी येतो कुणाला कळत नाही. बहुतेक वेळा पाणी भरायला येतात तेव्हा दोन भरत्या-ओहोट्या होऊन गेलेल्या असतात. सापडणार काय?

वाशिष्ठीची गंमत वेगळी. उन्हाळ्यात तिला पाणी असतं, पण ते कोयनेचं. वीज करून झाली की घाटाखाली सोडतात. म्हणजे तिकडे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी कमी आणि इकडे दुसऱ्याच नदीचं पाणी वाढीव. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा सगळ्यांना गाळ आठवला. तोवर पात्रात बेटं तयार झाली होती, झाडं उगवली होती.

---

तर्कटराव

हे बघा, शेवटी गाळ काढा म्हणताच ना? मग पात्र खोल-रुंद करायला विरोध का?

---

मुक्ताई

डोंगर बोडके झाले, रस्त्यांसाठी कापले, तो गाळ आला. तो काढणं वेगळं आणि जेसीबी घालून नदीचा तळ खरवडून सगळीकडे सारखी खोली करणं वेगळं. पहिल्याला उपचार म्हणा. दुसऱ्यात डोह आणि खळाळ दोन्ही संपतात.

---

वाटसरू

वाळूचं लिहितो म्हटलं होतं.

नदीतली वाळू पाणी धरून ठेवते. पावसाळा संपल्यावरही वाळूखालून पाणी वाहत असतं, काठच्या विहिरींना तेच मिळतं. आमच्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पात्रात झिरा खणून पाणी भरायची पद्धत होती. वाळू गेली, खाली खडक उघडा पडला, झिरे आटले, विहिरी आटल्या, मग बोअर आले. वाळूचोरीची बातमी म्हणजे महसूल बुडाला एवढीच असते. विहीर बुडाली हे कुणी लिहीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की लहान वाळूघाटालासुद्धा पर्यावरण परवानगी हवी. केंद्राने २०१६ आणि २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. राज्याने २०२३ मध्ये डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देऊ म्हटलं. आणि रात्री अकरानंतर वाळूचे हायवा डंपर चालूच. तलाठी अडवायला गेला की त्याच्या अंगावर गाडी घालतात. सक्शन पंप लावून पाण्याखालची वाळू ओढतात, तिथे वीस-वीस फुटांचे खड्डे पडतात आणि पोहायला उतरलेली पोरं बुडतात. यावर माझ्याकडे तोडगा नाही. घरं बांधायला वाळू लागते आणि दगडाची कृत्रिम वाळू वापरायची तर डोंगर फोडायचे.

---

पाऊलवाट

वाटसरूंच्या मुद्द्याला जोडून. हिमालयातल्या नद्यांना बर्फाचा आधार आहे. आपल्या दख्खनच्या नद्यांना ऑक्टोबरनंतर पाणी येतं ते जमिनीखालून. काळ्या पाषाणाच्या भेगांत पावसाचं पाणी साठतं आणि हळूहळू ओढ्यानाल्यांतून नदीला मिळतं. भूजल खाली गेलं की हा झरा उलटा होतो, नदीच जमिनीला पाणी देऊ लागते आणि आटते. भारत जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आहे, वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर. म्हणून मी म्हणेन की भारतातली सगळ्यात मोठी नदी आपण बोअरवेलने उपसतोय.

उलटंही होतं. राजस्थानात अरवरीच्या खोऱ्यात गावकऱ्यांनी तरुण भारत संघासोबत शेकडो जोहड (पाणी अडवणारे मातीचे छोटे बांध) बांधले, पाणी जिरलं आणि आटलेली नदी पुन्हा वाहायला लागली. तिथे मोठं धरण नाही, मोठं शहरही नाही, हे मान्य. पण झरे वाचवल्याशिवाय किमान प्रवाहाच्या गप्पा म्हणजे फक्त धरणाच्या दरवाजाशी भांडण.

---

तर्कटराव

मग नद्या जोडा. जिथे जास्त तिथलं कमी असलेल्या ठिकाणी. केन-बेतवाचं काम सुरू झालंच आहे.

---

पाऊलवाट

४४,६०५ कोटींचा प्रकल्प, आणि त्यातलं दौधन धरण पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातलं जंगल बुडवणार. केनमध्ये 'जास्तीचं' पाणी आहे हे कशावरून ठरलं यावर अजून वाद आहे. समुद्राला मिळणारं पाणी वाया जातं असं ज्याला वाटतं त्याने खाडीकरांशी बोलावं.

---

खाडीकर

या, बोलू. गोडं पाणी आलं नाही तर खाडीत कोळंबी वाढत नाही.

---

वऱ्हाडी ठेचा

विदर्भातून कोणीच नाही का बोलत भाऊ? आमची नाग नदी. नागपूरला तिचं नाव मिळालं आणि तिला नागपूरचा मैला मिळाला. ती कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि सगळं गोसीखुर्दच्या जलाशयात. धरण सिंचनासाठी बांधलं होतं, आता त्या पाण्याची तक्रार काठची गावं करतात.

एक चांगली गोष्टही सांगतो. नागपूरचं शुद्ध केलेलं मैलापाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. २०१६ च्या केंद्राच्या वीज दर धोरणात आहे की मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आत औष्णिक केंद्र असेल तर त्याने हेच पाणी वापरायचं. म्हणजे तेवढं धरणाचं पाणी वाचलं. माझा प्रश्न एकच, ते वाचलेलं पाणी गेलं कुठं? नदीत सोडलं का? नाही. शहराच्या पुढच्या वाढीला गेलं.

---

काठावरचा

ठेचा, हाच तो मुद्दा! वाचलेल्या पाण्यावर नदीचं नाव कुणीच लिहीत नाही. पिण्याचा वाटा ठरलेला, शेतीचा ठरलेला, उद्योगाचा ठरलेला. नदीचा वाटा म्हणजे सांडव्यावरून वाहिलेलं पाणी.

गंगेसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली. वरच्या टप्प्यात नोव्हेंबर ते मार्च नदीत येणाऱ्या प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मेमध्ये २५, पावसाळ्यात ३० टक्के पाणी सोडायलाच हवं. त्याच आठवड्यात, ११ ऑक्टोबरला, गंगेच्या प्रवाहासाठी १११ दिवस उपोषणाला बसलेले प्रा. जी. डी. अग्रवाल गेले. आयआयटी कानपूरचे माजी प्राध्यापक, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य सचिव. त्यांना हे आकडे अपुरे वाटत होते. भीमेसाठी असा अपुरा का होईना, आकडा कुठे आहे? कृष्णेसाठी?

---

लाल रेषा

कायद्याच्या अंगाने थोडं. १९७४ चा जल प्रदूषण कायदा कडक होता, तुरुंगाची तरतूद होती, वापरली क्वचितच. २०२४ च्या दुरुस्तीने बऱ्याचशा गुन्ह्यांतला तुरुंग काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड ठेवला. सुरुवातीला हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांत, बाकी राज्यांत विधानसभेने ठराव केला की लागू. निदान दंड तरी वसूल होईल असं समर्थक म्हणतात. मला वाटतं मोठा उद्योग पंधरा लाख खर्चाच्या रकान्यात टाकून मोकळा होईल.

महाराष्ट्रापुरतं आणखी एक. नदीकाठी किती अंतरावर कुठला उद्योग येऊ शकतो यासाठी आपल्याकडे नदी नियमन क्षेत्राचं धोरण होतं. २०१५ मध्ये ते रद्द झालं. राहिल्या पूररेषा: २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांत एकदाची लाल. त्याही भराव टाकून "सरकतात". माझं टोपणनाव तिथूनच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नावाची नदी आहे हे मुंबईच्या निम्म्या लोकांना त्या दिवशी कळलं.

---

सदाफुली

सगळं वाचून डोकं भणभणलं. मी पन्नास-साठ हजार वस्तीच्या गावात राहते, नगरपरिषद आहे, नदी आहे, प्रकल्पही आहे (कुंपणाबाहेरून पाहिलाय). माझ्यासारखीने नेमकं काय विचारायचं आणि कुणाला?

---

चाफ्याचं झाड

माहिती अधिकारात अर्ज करा. नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. प्रकल्प "सुरू आहे का" असं विचारू नका, "होय" असं उत्तर येईल. हे मागा:

रोजच्या आवक-जावक पाण्याच्या नोंदवहीच्या प्रती. प्रकल्पाच्या वीज मीटरची महिनावार बिलं. प्रयोगशाळेचे अहवाल, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाण्याचे. आणि महिन्याला किती गाळ निघाला, तो कुठे टाकला.

बिलावरून पहिली शंका फिटते. दिवसाला इतकं पाणी शुद्ध केलं म्हणतात आणि युनिट मात्र ऑफिसच्या दिव्या-पंख्यापुरते, असं असेल तर ते तिथेच दिसतं. गाळाचंही तसंच. मैला खरंच शुद्ध झाला असेल तर गाळ निघालाच पाहिजे. शून्य लिहिला असेल तर समजा.

---

लाल रेषा

वीज बिलाचं भारी आहे! माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. सोबत प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राची प्रतही मागा. त्यात बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी किती असावा ते लिहिलेलं असतं. मग तुलना करता येते.

---

काठावरचा

आणि वर्षाची सरासरी घेऊ नका. पावसाळ्याचे चार महिने नदी दुथडी असते, तेव्हाचे आकडे कुठल्याही नदीचे बरे येतात आणि सरासरीही बरी दाखवतात. मार्च ते मेचे वेगळे मागा. नमुना कुठे घेतला तेही: नाला मिळतो त्याच्या वर की खाली, आणि किती अंतरावर.

---

सदाफुली

मसुदा करून उद्या रात्री इथेच टाकते, चाफ्याचं झाड काका आणि लाल रेषा यांनी तपासून द्या. गावाचं नाव तूर्त लिहीत नाही. आमचे सोसायटी सचिवही सही करायला तयार झालेत.

---

ऊसवाला

माझ्याकडंही एक मसुदा पाठवा ताई. आमच्या वरच्या अंगाला अशा तीन नगरपरिषदा आहेत.